धुऱ्यावरची झोळी

पांढरकवडा, मंगळवार

आई,

बरोबर आणलेला जाळीचा झुला आज पहिल्यांदा बांधला. टिपेश्वर अभयारण्याच्या वाटेवर एका शेताच्या धुऱ्यावर दोन कडुनिंब नेमके हव्या तेवढ्या अंतरावर मिळाले. शेतकऱ्याने आनंदाने होकार दिला. शेजारच्या फांदीला आधीच एक झोळी होती. जुन्या लुगड्याच्या त्या झोळीत तान्हं बाळ झोपलं होतं आणि चार-पाच वर्षांची बहीण त्याला झोका देत होती. त्यांची आई पऱ्हाटीत, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती.

मी झुल्यात सरळ लांबीने आडवी झाले, तर पाठ पार कमानीसारखी वाकली. ओटी रिकामी करायला आलेली ती बाई म्हणाली, "तिरपं झोपा जी." तिरपी झाले मात्र, जाळी ताणली गेली आणि पाठ सपाट टेकली! तासभर गाढ झोपले. ती मात्र तेवढ्या वेळात पऱ्हाटीच्या दोन ओळी वेचून पुढे गेली होती.

कळंब, गुरुवार

आई, आज चिंतामणीचं दर्शन झालं. देऊळ जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पण मन अजून त्या धुऱ्यावरच आहे.

झुला मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. ते त्याला 'हमाका' म्हणत. १४९२च्या ऑक्टोबरात कोलंबसाच्या माणसांनी त्यांच्या घरांत टांगलेली अंथरुणं पाहिली, ती सुती जाळ्यांची होती. पुढे युरोपच्या खलाशांनी ती जहाजांवर नेली. गंमत बघ, यवतमाळात आज जिकडेतिकडे दिसणारी बीटी कपाशीही मूळ त्याच अमेरिका खंडाच्या जातीची. आपली झोळी मात्र कुणाकडून शिकावी लागली नाही. परवा हैदराबाद रस्त्यावर एका ढाब्यापाशी उभ्या ट्रकच्या पोटाखाली चादर टांगून क्लीनर झोपला होता. सगळ्या महामार्गावर तेवढीच काय ती त्याच्या हक्काची सावली.

माझी जाळी नायलॉनची, अंगावर चौकटी उमटतात. फडताळातलं तुझं विटलेलं सुती नऊवारी कुणाला देऊ नकोस. आल्यावर दुहेरी करून त्याचीच झोळी बांधीन, आणि आधी तू तिरपी झोप.

तुझी,
ताई