दोऱ्याविना

रायपूरच्या भोवतालची जमीन तिथला शेतकरी निरनिराळ्या नावांनी ओळखतो. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी आणि जिच्यात धान धरत नाही ती तांबडी, मुरमाड, उंचवट्याची जमीन म्हणजे भाठा. भाठ्यावर गुरे चरतात, पोरे क्रिकेट खेळतात आणि शहर हातपाय पसरू लागले की नवी घरे आधी तिथेच उठतात. लहान विमाने उडवण्याचा नाद लागलेल्या माणसाला मात्र या ओसाड जमिनीचे मोल वेगळेच वाटते. त्याला शंभर-दीडशे पावलांची सपाट पट्टी हवी असते आणि चहूकडे मोकळे आकाश हवे असते. विजेच्या तारा नकोत, वस्ती नको, आणि मानाचा विमानतळ पुरेसा दूर हवा. धान कापून झाल्यावर शेतेही मोकळी होतात खरी, पण धानाचे शेत म्हणजे बांधांची चौकट. उतरत्या विमानाचे चाक एकदा त्या बांधाला अडले की दोन महिन्यांची मेहनत गवताच्या काडीसारखी मोडते. म्हणून भाठाच बरा.

या शहरात मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर तो छत्तीसगढात आला, राहिला आणि तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून रुजला. 1935 साली त्याने आपले महाराष्ट्र मंडळही उभे केले. अशा घरातल्या मुलाचे उडण्याचे पहिले शिक्षण इतर मुलांप्रमाणेच पतंगावर होते. ढील कधी द्यावी, खेच कधी द्यावी, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. दोराच त्याच्या बोटांना सांगतो. वर वारा वाढला की मांजा ताणतो, पतंग गोता खाऊ लागला की तो सैलावतो. डोळे मिटले तरी आकाशात काय चालले आहे हे तर्जनीच्या पेराला कळत असते. पतंगबाजाचे सारे कसब त्या पेरात साठलेले असते.

दुसरी पायरी त्यातल्या काहींना राष्ट्रीय छात्र सेनेत भेटते. तिची हवाई शाखा 1950 सालची. रायपुरात तिचे स्वतंत्र स्क्वाड्रन आहे आणि विमानांच्या प्रतिकृती बनवणे, उडवणे हा तिथल्या शिक्षणाचा जुना भाग आहे. तिथे मुलाच्या हाती एक मूठ येते. तिच्यातून पंधरा-वीस मीटर लांबीच्या दोन बारीक तारा निघतात आणि त्या विमानाच्या एका पंखात शिरतात. मूठ वर झुकवली की विमान चढते, खाली झुकवली की उतरते. विमान वर्तुळात फिरते आणि मुलगाही त्याच्याबरोबर मध्यबिंदूवर गरगर फिरतो. पहिल्या दिवशी आधी चक्कर येते आणि विमान नंतर पडते. पण इथेही तारेची ओढ हाताला कळत असते. पतंग आणि विमान यांच्यामधले हे नाते अजून सुटलेले नसते.

तिसऱ्या पायरीवर ते सुटते. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी 1937 साली बिनतारी संदेशाने चालणारे आपले छोटे विमान उडवले, तेव्हापासून या छंदाचा दोरा तुटला असे म्हणता येईल. हातात एक पेटी, तिच्यावर दोन काड्या, आणि शेदोनशे मीटर अंतरावर हवेत एक वस्तू जी कशालाच बांधलेली नाही. काडी दाबली की पेटीतून लहरी निघतात, विमानातला ग्राहक त्या टिपतो, अंगठ्याएवढ्या चालक मोटारी पंखांचे आणि शेपटीचे पडदे हलवतात. हात पाठवतो, पण हाताला परत काहीच येत नाही. काडीमागची स्प्रिंग विमान झेपावत असताना जेवढी ताठ, तेवढीच ते कोसळत असताना. जे पेराला कळत होते ते आता एकट्या डोळ्याला कळून घ्यावे लागते. उडवण्याचे कौशल्य वाढवणे म्हणजे काय, याचे उत्तर बहुतांशी या बदलात आहे. बाकीचे तपशील आहेत.

तपशीलही गमतीचे आहेत. पूर्वी या विमानांना मिथेनॉलवर चालणारी इंजिने असत आणि त्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल मिसळलेले असे. लहानपणी ज्या तेलाच्या वासाने अंगावर काटा येई, तोच जळका वास पुढे रविवारच्या पहाटेचा वास झाला, असे अनुभव सांगणारे जुने लोक भेटतात. आता बहुतेकांनी विजेची मोटार आणि लिथियमची बॅटरी पत्करली आहे; हलक्या बाल्सा लाकडाची जागा पुष्कळदा थर्माकोलच्या जातीतल्या चिवट पत्र्यांनी घेतली आहे. मैदान शांत झाले, कपडे स्वच्छ राहू लागले. एक गोष्ट मात्र गेली: इंजिनाच्या आवाजावरून विमानाचा वेग ओळखणारा कान. दोरा गेल्यावर कान तेवढा मदतीला उरला होता, तोही आता मंद झाला.

उडणे ही बनवण्याची नव्हे, शिकण्याची गोष्ट आहे, हे माणसाला फार उशिरा उमगले. ओटो लिलिएन्थाल या जर्मन अभियंत्याने 1891 ते 1896 या काळात टेकडीवरून सुमारे दोन हजार तरंगती उड्डाणे केली आणि ऑगस्ट 1896 मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून तो मरण पावला. विल्बर राइटने पुढे हिशेब मांडला की पाच वर्षांत हा माणूस प्रत्यक्ष हवेत होता तो सारा मिळून सुमारे पाच तास. सायकलवर एकूण पाच तास बसलेल्याला गर्दीच्या रस्त्यावर कोण सोडील? राइट बंधूंनी हे मनावर घेतले आणि 1902 च्या हंगामात वाळूच्या टेकड्यांवरून सातशेहून अधिक वेळा तरंगून पाहिले. इंजिन त्यांनी त्यानंतरच बसवले. मराठी वाचकाला येथे शिवकर बापूजी तळपदे आणि 1895 सालच्या चौपाटीची कथा आठवेल. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा उपलब्ध नाही आणि तो वाद येथे नको. पण ते यंत्र निर्मनुष्य होते असेच ती कथा सांगते. मग जमिनीवरून ते कोण सावरत होता, आणि ते त्याने कुठे, कशावर शिकून घेतले होते, हा प्रश्न कथा सांगणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही, याचे नवल वाटते.

भाठ्यावर पहिल्यांदा पेटी हाती घेणारा शिकाऊ एकच चूक निरनिराळ्या रूपांत करतो. विमान खाली येऊ लागले की तो काडी मागे ओढतो, म्हणजे विमानाचे नाक वर उचलतो. हे इतके स्वाभाविक आहे की त्याला चूक म्हणणेही जड जाते; पडणाऱ्या वस्तूला वर उचलावे हे हाताला जन्मापासून माहीत असते. पण पंख हवेला टेकून नसतो, तो हवेतून जात असतो. वेग कमी आणि नाक वर अशी स्थिती झाली की पंखावरून सरळ वाहणारी हवा फाटते, उचल एकदम नाहीशी होते, एक पंख झुकतो आणि विमान गिरकी घेत खाली येते. शिकाऊ आणखी जोराने ओढतो. शेजारी उभा असलेला जाणता ओरडत असतो, ‘सोड, काडी सोड!’ काडी सोडली, नाक खाली जाऊ दिले, तर वेग परत येतो आणि वेगाबरोबर पंखाला पंखपण परत येते. जमिनीकडे तोंड केल्याशिवाय जमिनीपासून सुटका नाही, हे पुस्तकात वाचायला दोन मिनिटे लागतात. बोटांत उतरायला एक-दोन विमाने लागतात. म्हणूनच चुकून सावरता येईल इतक्या उंचीवर नेऊन ही चूक मुद्दाम करून पाहावी, वेग काढून घ्यावा, नाक वर धरावे, पंख कधी कचरतो ते पुन:पुन्हा बघावे, असे जाणते सांगतात. शिकाऊंपैकी फार थोडे हे करतात. हौसेने आलेल्याला कोलांट्या शिकायच्या असतात, पडणे शिकायचे नसते.

दुसरी अडचण दिशेची. विमान दूर जात असते तोवर त्याचा डावा तोच आपला डावा. ते वळून अंगावर येऊ लागले की सारे आरशातल्यासारखे उलटते. उजवीकडे झुकलेला पंख सावरायला गेलेला हात त्याला आणखी झुकवतो. यावर मैदानावरची एक युक्ती आहे: समोरून येताना जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला काडी न्यावी, जणू खचत्या पंखाखाली टेकू द्यावा. युक्ती कामाची आहे, पण ती कुबडी आहे. ज्याला खरे उडवता येऊ लागते तो डावे-उजवे आठवत बसत नाही. तो मनाने जमीन सोडून विमानात जाऊन बसलेला असतो आणि तिथून बाहेर बघतो. भाठ्यावर टोपी घालून उभा असलेला, पेटी धरलेला माणूस त्याला वरून दिसतो म्हणावे. 2025 च्या नोव्हेंबरात राज्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त नवा रायपूरच्या सेंध तलावावर वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाने कसरती केल्या, तेव्हा गर्दीतल्या हजारो माना एकाच दिशेने वळत होत्या. त्या गर्दीत छोटी विमाने उडवणारा कोणी असेल तर त्याचे अंगठे खिशात आपोआप हलत असणार.

तिसरी फसवणूक वाऱ्याची. वाऱ्याबरोबर जाणारे विमान जमिनीवरून भरधाव दिसते. शिकाऊ घाबरून मोटारीचा जोर कमी करतो. पण विमानाला जमिनीशी कर्तव्य नसते, आजूबाजूच्या हवेशी असते. आणि त्या हवेच्या हिशेबात ते आधीच रेंगाळत असते. तशात वळण घेतले की पंख कचरतो. रायपुरात हे सकाळी नऊनंतर फार घडते. पहाटे हवा तळ्यातल्या पाण्यासारखी स्थिर असते. ऊन चढले की भाठ्याचा मुरूम तापतो, त्याच्यावरून गरम हवेचे झोत उठतात, घारी पंख न हलवता वर चढू लागतात. घार जिथे फिरते आहे तिथे हवा वर जाते आहे, एवढे कळायला यंत्र लागत नाही. एप्रिल-मेमध्ये लू सुरू झाली की मात्र शहाण्याने विमान घरी ठेवावे.

सराव म्हणजे नुसते पुष्कळ उडवणे नव्हे. एका बॅटरीवर विमान आठ-दहा मिनिटे उडते. रविवारी सहा फेऱ्या झाल्या तर तास भरतो, पण उतरणे होते ते सहाच वेळा, आणि विमान मोडते ते बहुधा उतरताना. म्हणून जाणते लोक शिकाऊला उतरण्याच्या वाटेवरच खेळवतात: पट्टीवर नेम धरायचा, कमरेएवढ्या उंचीपर्यंत यायचे आणि पुन्हा जोर देऊन वर जायचे. एका फेरीत दहा वेळा. इथेही हाताचा समज उलटा करावा लागतो. उंची मोटारीच्या जोराने सांभाळायची आणि वेग नाकाने, हे सुरुवातीला कोणालाच पटत नाही. शिवाय प्रत्येकाचे एक लाडके वळण असते, बहुतेकांचे डावे. तो नकळत त्याच बाजूने फिरत राहतो आणि वर्षभरानंतरही उजव्या वळणाला बिचकतो. आठचा आकडा आकाशात काढायला लावतात तो यासाठी. त्यात दोन्ही वळणे येतात आणि लाड चालत नाहीत.

शिकवण्याची सर्वांत सुंदर सोय म्हणजे दोन पेट्या एका तारेने जोडणे. शिकाऊच्या हातात एक, शिकवणाऱ्याच्या हातात दुसरी. शिकवणारा एक कळ दाबून धरतो तोवर विमान शिकाऊचे. कळ सोडली की क्षणात त्याचे स्वत:चे. पतंगाची फिरकी धरून मागे उभा राहणारा काका आणि हा शिकवणारा यांच्यात फारसा फरक नाही. कळ उशिरा सोडणे ही खरी कला. लवकर सोडणाऱ्याचा शिष्य सावरायला कधी शिकत नाही. आता संगणकावर उडवायचे खेळही मिळतात. त्यात विमान शंभरदा पडले तरी काही मोडत नाही आणि डाव्या-उजव्याचा गोंधळ तिथेच निस्तरता येतो. मात्र पाय तिथे लटपटत नाहीत, आणि लटपटत्या पायांनी काडी हळू हलवणे हेही शिकावेच लागते.

आणि उडवण्याआधीची पाच मिनिटे. दोन बोटांवर पंख तोलून पाहावा. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात तोल यावा. शेपटी जड असलेले विमान हाताबाहेर जाते, त्याला कौशल्य पुरे पडत नाही. पडदे योग्य दिशेला हलतात ना, हे बघावे. दुरुस्तीनंतर ते उलटे जोडले गेल्याने किती विमाने उडताक्षणी गेली याची गणती नसेल. फिरत्या पंख्यासमोर बोट नेऊ नये. माणसांच्या डोक्यावरून उडवू नये. 2021 च्या ऑगस्टात आलेल्या नियमांनी मानवरहित विमानांसाठी आकाशाचे हिरवे, पिवळे, तांबडे भाग पाडले आणि विमानतळाजवळच्या हवेला कुंपण घातले, तेव्हा काहींनी कुरकुर केली. पण मानाला उतरणाऱ्या विमानात दीडशे माणसे असतात. तिथे हौसेने हट्ट धरू नये.

सगळ्यात शेवटी शिकायचे ते मोटार बंद करून उतरणे. वर चढून मोटारीचा जोर पुरता काढून घ्यायचा आणि उरलेली उंची हीच शिदोरी समजून परत यायचे. पट्टीपाशी लवकर पोचले तर एक वळण जास्त घ्यायचे, उशीर होत असेल तर वळण आखडायचे. नाक मात्र वर धरायचे नाही, अगदी शेवटच्या हातभर उंचीपर्यंत. नीट शिकणारा यासाठी वही ठेवतो. विमान मुरमावर घरंगळत थांबले की तो त्याच्याकडे चालत जातो, ठरवलेल्या खुणेपासून पावले मोजतो आणि तारखेपुढे आकडा लिहितो. चाळीस. एकतीस. पुन्हा चाळीस, कारण त्या दिवशी वारा आडवा होता. पंधरा. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आजूबाजूची शेते पाण्याने भरतात, भाठ्यावर कोवळे गवत उगवते आणि गुरे परत येतात. वहीतली पुढची तारीख मग बहुधा ऑक्टोबरातली असते.