प्रोसेसर, पंखा आणि चौदा हजार पाने

संगणक विकत घेताना मराठीचा प्राध्यापक साधारणपणे तीन प्रश्न विचारतो: मराठी टंकलेखन होईल ना, किती दिवस टिकेल आणि शेजारच्या खोलीतल्या गणिताच्या सरांनी कोणता घेतला आहे. प्रोसेसर किती वॉटचा, हा प्रश्न त्यांत नसतो. माझ्याही मनात तो तीस वर्षे आला नव्हता. तो आला एका कपाटामुळे.

या कपाटात ‘अस्मितादर्श’चे आणि ‘प्रतिष्ठान’चे जुने अंक आहेत, काही बांधलेले, बरेचसे सुटे. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि नागसेनवनाच्या आसपासच्या वसतिगृहांतून, खेड्यापाड्यांतल्या शाळांतून लिहिणारी एक पिढीच्या पिढी त्याच्या पानांवर उभी राहिली. ‘प्रतिष्ठान’ हे मराठवाडा साहित्य परिषदेचे नियतकालिक. त्याचा स्वभाव निराळा, पण त्याच्याशिवाय या प्रदेशाच्या वाङ्मयव्यवहाराचा इतिहास लिहिता येणार नाही. दोन्ही ठिकाणचा कागद त्या काळच्या ऐपतीचा. घडीवर बोट ठेवले की कोपरा हातात येतो. मोजली तेव्हा पाने भरली साधारण चौदा हजार. ती स्कॅन करून, अक्षरओळख करून, शब्दाने शोधता येतील अशी अभ्यासासाठी सिद्ध करायची, हे काम मी आणि माझा एक संशोधक विद्यार्थी यांनी अंगावर घेतले. त्याचा प्रबंध याच नियतकालिकांतल्या भाषेवर आहे. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. दोघांनाही घाई आहे, फक्त कारणे वेगळी.

घरातली कामाची खोली दहा बाय दहाची, वर थेट गच्चीचा स्लॅब. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी त्या खोलीत एकोणचाळीस अंश ही सामान्य गोष्ट असते. टेबलाचा अर्धा भाग स्कॅनरने व्यापलेला, उरलेल्या भागात अंक उघडा ठेवायचा. संगणकाला जागा उरते ती एखाद्या शब्दकोशाच्या खंडाएवढी. म्हणून छोट्या पेटीतला संगणक. आणि पेटी छोटी म्हटली की प्रोसेसरची निवड ही चैनीची बाब राहत नाही. सगळ्या रचनेचा तोच कणा ठरतो.

वीस वर्षांपूर्वी हा विचारच उलटा होता. आमच्या महाविद्यालयात संगणककक्ष झाला त्या दिवसांत दुकानदार फक्त गिगाहर्ट्झ सांगत आणि आम्हीही मान डोलवत असू. पेंटियम ४ ची ‘प्रेस्कॉट’ नावाची आवृत्ती २००४ साली आली. तिच्या काही प्रकारांचा उष्णतेचा आकडा ११५ वॉटपर्यंत गेला होता. वेग वाढवत नेण्याची ती वाट तिथेच खुंटली. तिच्या पुढची ‘तेजस’ नावाची योजना इंटेलने त्याच वर्षी मे महिन्यात गुंडाळली. (नाव तेजस, आणि घात झाला तो तापाने! श्लेष आपोआप झालेला आहे, त्याचे श्रेय मला नको.) २००६ मध्ये आलेला कोअर टू ड्युओ ६५ वॉटचा होता आणि तरी अधिक काम करत होता. त्याचे मूळ इस्रायलमधल्या हैफा येथील गटाने लॅपटॉपसाठी, म्हणजे बॅटरीच्या काटकसरीत, केलेल्या रचनेत होते. गरिबीत वाढलेल्या मुलाने वाड्याचा कारभार हाती घ्यावा, तसे हे झाले.

याचे शास्त्र फार अवघड नाही. चिपमधला क्रियाशील वीजखर्च वारंवारितेच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. उलट वेग वीस टक्के कमी केला आणि त्यामुळे व्होल्टेज पंधरा टक्के खाली आणता आले, तर खर्च मूळच्या सुमारे अठ्ठावन्न टक्क्यांवर येतो. एक पंचमांश वेग सोडला आणि दोन पंचमांश उष्णता गेली. छोट्या पेटीत संगणक बांधणारे लोक ज्या कौशल्याचा अभिमान बाळगतात, ते बहुतांशी या एका वर्गाच्या चिन्हावर उभे आहे.

आता पेटीवरच्या आकड्याविषयी. साहित्याच्या माणसाला इथे थोडा फायदा मिळतो, कारण लिहिलेले आणि म्हटलेले यांत अंतर असते हे त्याला शिकवावे लागत नाही. प्रोसेसरवर ‘६५ वॉट’ लिहिलेले असते, ते त्याच्या वीजवापराचे वर्णन नव्हे. थंड ठेवणाऱ्या यंत्रणेने किती उष्णता वाहून नेण्याची तयारी ठेवावी, याविषयीचा तो एक करार आहे, आणि त्यात बारीक अक्षरांतली कलमे आहेत. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण भार पडला की मूळ व्यवस्थेत तो ८८ वॉटपर्यंत जाऊ शकतो. इंटेलच्या कोअर आय३ १२१०० चा मूळ आकडा ६० आणि कमाल ८९. त्याचाच ‘टी’ अक्षर लावलेला काटकसरी भाऊ ३५ वॉटचा म्हणवतो, तरी थोडा वेळ ६९ पर्यंत उसळी घेण्याची मुभा त्यालाही आहे. तेव्हा पेटीवर ३५ वाचून कोणी पस्तिसाचाच हिशेब धरू नये.

दुसरी गोष्ट मला कुठल्याही परीक्षणात सापडली नाही, ती खोलीच्या स्लॅबने शिकवली. परीक्षणे लिहिणारी मंडळी वीस-बावीस अंशांच्या खोलीत चाचण्या घेतात. थंडावा देणारा धातूचा पंख आणि त्यावरचा पंखा हवेपेक्षा चिप किती अंश वर राहील एवढेच ठरवतात. हवा स्वतः किती तापलेली आहे हे ठरवणे त्यांच्या हातात नाही. समजा, लहान पेटीत मावेल असा एखादा बुटका कूलर दर वॉटमागे ०.८ अंशाने चिप चढू देतो. ६५ वॉटला बावन्न अंश झाले. तिकडे खोली बावीस, पेटीतली हवा एकोणतीस. चिप एक्क्याऐंशीवर थांबेल आणि परीक्षक समाधानाने लिहील की कामगिरी उत्तम. इकडे खोली एकोणचाळीस, पेटीत सेहेचाळीस, चिप अठ्ठ्याण्णववर. ५६००जीची मर्यादा पंच्याण्णव अंशांची आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग मे महिन्यात मिळतच नाही. त्याच कूलरवर पस्तीस वॉट ठेवले तर हिशेब चौऱ्याहत्तरावर येतो. उष्ण प्रदेशात काटकसर हाच टिकाऊ वेग असतो.

माझ्या विद्यार्थ्याने मांडलेला पर्याय याच धर्तीचा होता. ५६००जी घ्यायचा आणि बायोसमध्ये जाऊन त्याला ४५ वॉटांचे बंधन घालायचे. कंपनीनेच ती सोय दिलेली आहे. सहा कोअर, बारा धागे, चित्रांची सोय आतच. मी विचारले, “आणि तो सहा वॉटचा काय आहे?” तो हसला. “मॅडम, तो एन१००. दुकानांच्या बिलिंगला चालतो. चार छोटे कोअर, मेमरीला एकच मार्ग, आणि तो बोर्डावरच डकवलेला. पुढे बदलता येत नाही.”

‘छोटे’ या शब्दावर मी अडले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा राहिला, तो एका महाकाय प्रोसेसरवर नव्हे. ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपांची पंगत बसवून. आणि त्याच संस्थेच्या जिस्ट कार्डावर आपल्या पिढीने पडद्यावर पहिली जोडाक्षरे पाहिली. त्या काळच्या संगणकाला देवनागरी जुळवणे झेपत नसे, म्हणून त्यासाठी वेगळे कार्डच आत बसवावे लागे. आज ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द पडद्यावर उमटवायला लागणारे श्रम सहा वॉटच्या प्रोसेसरला जाणवतही नाहीत. तेव्हा प्रश्न छोटा की मोठा असा नसून काम कोणते, हा आहे. आम्ही कागद घेऊन बसलो.

अक्षरओळखीसाठी आम्ही टेसेरॅक्ट वापरतो. ते मुक्त आहे आणि मराठी ओळखते. एका कोअरवर एका पानाला वीस सेकंद धरले. चौदा हजार पानांना दोन लाख ऐंशी हजार सेकंद, म्हणजे अठ्ठ्याहत्तर तास. पाने एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे चार कोअरांना वाटून देता येतात. वीस तासांच्या आत काम उरकते. ५६००जी तिप्पट वेगाने करील असे मानू; साडेसहा तास. फरक तेरा तासांचा, आणि तोही पाने स्कॅन होतील तसा महिनोन्महिने पसरलेला.

पण ओळखलेले पान वाचून दुरुस्त करायला माणसाला किमान दहा मिनिटे लागतात. चौदा हजार पानांना दोन हजार तीनशे तेहतीस तास. रोज चार तास बसले तर पाचशे त्र्याऐंशी दिवस. या सगळ्या काळात प्रोसेसर काय करणार? वाट पाहणार. पुढची कळ दाबली जाईपर्यंतचा वेळ त्याच्या दृष्टीने युगानुयुगांचा असतो. म्हणजे आम्हांला हवा होता तो उत्तम वाट पाहणारा प्रोसेसर. आणि ‘वॉट’चे सगळे आकडे भाराखालचे असतात, स्वस्थ बसलेल्या यंत्राचे नसतात. एन१००चा संपूर्ण संगणक निवांत असताना सात-आठ वॉटांत भागवतो. डेस्कटॉपचा बोर्ड, त्याचा वीजपुरवठा, सहा कोअर हे सगळे मिळून निवांत असतानाही वीस-पंचविसाच्या घरात राहते.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की पैशांच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे. कामाची सरासरी बारा आणि चाळीस वॉट धरली तरी दोन हजार तीनशे तासांत पासष्ट युनिटांचा फरक पडतो. त्यासाठी एवढी चर्चा कोणी करू नये. चर्चा केली ती इन्व्हर्टरसाठी. २००० च्या दशकातले भारनियमन आता नाही, पण वळवाच्या वादळात तार तुटते, देखभालीसाठी वीज बंद राहते, आणि नेमकी सुट्टीच्या दिवशी. बारा व्होल्टांची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर अठराशे वॉट-तास देते; वय आणि रूपांतरातली गळती वजा जाता हजार धरावेत. छताचा पंखा पंचाहत्तर, ट्यूब वीस, पडदा वीस: संगणक लावण्याआधीच एकशे पंधरा. जुना संगणक एकशे वीस खात असे. सव्वाचार तासांत अंधार. चाळीसवाला लावला तर साडेसहा तास, बारावाला लावला तर जवळजवळ आठ.

आकडेमोड संपली तेव्हा दोघांचेही लक्ष एकदम वर गेले. या सगळ्यात सर्वांत खर्चिक यंत्र छताला लटकत होते. नव्या प्रकारचा, ब्रशविरहित मोटरचा पंखा तीस वॉटांच्या आसपास चालतो. तो बसवल्याने जेवढा वेळ वाचला, तेवढा दोन प्रोसेसरांतल्या निवडीने वाचला नसता. प्रोसेसरच्या चर्चेत पंखा येत नाही, कारण तो दुसऱ्या दुकानात मिळतो.

शेवटी बोर्ड घेतला तो मिनी-आयटीएक्स आकाराचा, सतरा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. (हे माप व्हिया कंपनीने २००१ साली आणले आणि अजून टिकून आहे, संगणकाच्या जगात हे दीर्घायुष्यच.) त्यावर एन१००, वर धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा, आत एकही पंखा नाही. पंखा नाही म्हणजे धूळ ओढली जात नाही, आणि जुना कागद उलटताना उडणारी धूळ विचारात घेतली तर हे थोडे नव्हे. आवाजही नाही. पुरावे वाचताना शांतता किती कामाची असते हे या पृष्ठांच्या वाचकांना सांगायला नको. विद्यार्थ्याने मात्र स्वतःसाठी ५६००जीच घेतला, पंचेचाळिसाच्या बंधनात. त्याला पुढे या पाठ्यसंग्रहावर भाषेची प्रारूपे घरच्या घरी चालवून पाहायची आहेत. त्या कामात प्रोसेसर वाट पाहत नाही, माणूस पाहतो. त्याची निवड त्याच्या कामाला योग्य आहे, हे मी त्याला सांगितले आणि त्याने ते नम्रपणे मान्य केले.

दुरुस्तीची दहा मिनिटे कमी होतील का, असे अनेक जण विचारतात. अधिक बलवान यंत्र आणले तर? या अंकांच्या बाबतीत तरी नाही. ‘ऱ्य’मधला अर्धा र यंत्राला चकवतो, ते एक वेळ सुधारेल. खरी अडचण निराळी आहे. ओळखीला मदत म्हणून प्रणालीत शब्दांची यादी असते, आणि छपाई पुसट असली की तिचा कल प्रमाण मराठीकडे झुकतो. ‘न्हाई’ असे छापलेले असते आणि पडद्यावर ‘नाही’ येते. ‘व्हता’चा ‘होता’ होतो. ज्या लेखकांनी आपली बोली छापील पानावर आणण्यासाठी टीका सोसली, त्यांचे शब्द पन्नास वर्षांनी एखाद्या यादीने निमूटपणे शुद्ध करून टाकावेत आणि ते कोणाच्या लक्षातही येऊ नये! आम्ही ती यादी बंद केली. त्यामुळे इतर चुका वाढल्या, आणि प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहावी लागते.

आतापर्यंत तीन हजार एकशे पाने झाली आहेत. गेल्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता, चारही कोअर कामाला लावलेले असताना, चिपचे तापमान अडुसष्ट अंश होते. वीज सकाळपासून नव्हती.