सीधा हात, उलटा हात

मुलगी पहिलीत असतानाची गोष्ट. शाळेतून बाईंचा निरोप आला, ‘हिला डावं-उजवं कळत नाही. कवायतीत नेमकी उलटी वळते.’

संध्याकाळी मी तिला समोर उभं केलं. ‘उजवा हात वर कर.’ तिनं डावा केला. ‘अगं, ज्या हातानं लिहितेस तो उजवा!’ पुन्हा डावाच. मी ओरडलो. ती रडत दादीकडे पळाली.

रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी डावखुरी आहे. लिहिते डाव्या हातानं. मी दिलेल्या खुणेप्रमाणे तिचं उत्तर बरोबरच होतं.

त्यात भाषेचा घोळ. आमच्या घरातल्या दखनीत उजवा तो ‘सीधा हात’ आणि डावा तो ‘उलटा’. सकाळी मकतबमध्ये ‘दायाँ’ म्हणजे उजवा, दुपारी शाळेत ‘डावा’ म्हणजे डावा. कानाला जवळजवळ सारखे, अर्थ मात्र विरुद्ध. अरबीची ओळ उजवीकडून सुरू होते, मराठीची डावीकडून.

शिवाय मी तिच्या समोर उभा होतो. माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1920च्या दशकात लहान मुलांना हेच प्रश्न विचारले होते. स्वतःचा डावा-उजवा मुलं साधारण 5 ते 8 या वयात ओळखू लागतात. समोरच्याचा ओळखायला आणखी काही वर्षं जातात. कारण त्यासाठी मनानं त्याच्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. ती तर 6 वर्षांची होती. मला 38 व्या वर्षीही ते जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. तिच्या उजव्या हातात एक हिरवी बांगडी घातली. बांगडीचा हात उजवा, पेन्सिलीचा डावा. आठ दिवसांत बांगडी फुटली, पण तोवर खूण पक्की झाली होती.

मग अम्मीला सांगितलं, ‘जेवायला उजवा हात शिकव, पण पेन्सिल तिच्या हातात राहू दे. त्या हाताला उलटा म्हणू नकोस.’

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तेरे अब्बा बी ऐसेच थे. मास्तर ने मार-मार के हात बदलाया.’

अब्बांचं अक्षर शेवटपर्यंत वेडंवाकडं होतं. आम्ही भावंडं त्यावरून हसायचो.