कसर आणि काटकसर

काटकसरीतच कसर दडलेली आहे, हे मला शब्दकोशानं नाही, कपाटानं शिकवलं. रोजच्या शर्टाला कसर लागत नाही. लागते ती ‘चांगलं आहे, राहू दे’ म्हणून जपलेल्या कपड्याला. म्हणजे डल्ला थेट मुदत ठेवीवर! बरं, कपाटातून फडफडत निघणारं पाखरू बिचारं काही खातच नाही. खाते त्याची अळी, आणि तीसुद्धा लोकर नि रेशीम. एका अळीनं रेशीम काढायचं, दुसरीनं ते खायचं, आणि मधल्या मधे आईच्या शालूचे पैसे मोजायचे आमच्या आजोबांनी!

डांबरगोळ्यांची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून त्या वरच्या फळीवर ठेवायच्या (पोरांचे हात पोचत नाहीत, हा वरकड नफा) आणि दार घट्ट लावायचं. आमच्या कपाटाचं दार दोन बोटं उघडंच राहतं. त्यामुळे गोळ्या विरतात आमच्या, वास जातो शेजाऱ्यांकडे.

शालूचं खातं मात्र आईकडे. दरवर्षी दसऱ्याला ती तो झटकते, कोवळं ऊन दाखवते, घडी बदलते. आजवर एक भोक नाही.

“अगं, मग नेसत का नाहीस?”

“नातीच्या लग्नात नेसेन की!”

आई ७४ वर्षांची. नात यंदा चौथीत गेली.