शिफ्ट सोडू नकोस

"शिफ्ट सोडू नकोस," आत्या म्हणायची. राजपुत्र कठड्याला लोंबकळत असायचा, खाली जमिनीतून वर आलेले सुळे, आणि माझं बोट घामाने निसटायच्या बेतात. मग तिची करंगळी माझ्या बोटावर येऊन टेकायची. त्या करंगळीला कार्बन पेपरची निळी झाक असे. कितीही हात धुतले तरी ती जात नसे.

मिरजेत आत्याची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चौदा मशिनं, भिंतीवर बोटांचा तक्ता आणि दिवसभर ती खडखड. १९९३ च्या उन्हाळ्यात तिने कर्ज काढून दोन कॉम्प्युटर घेतले. त्यांच्यासाठी आतली खोली रंगवली, दाराला पडदा लावला, चपला बाहेर काढायचा नियम केला. कुणीतरी तिला फ्लॉपीवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' दिला. आम्ही त्याला नुसतं 'प्रिन्स' म्हणायचो. दुपारी एकची बॅच सुटली की ती पंखा तीनवर करायची, मला शेजारी बसवायची, आणि तीनची बॅच येईपर्यंत आम्ही दोघं त्या तळघरात असायचो.

त्या खेळाला तासभराची मुदत होती. वजीर जाफरने राजकन्येला एक तास दिलेला: लग्न कर, नाहीतर मर. राजपुत्र मेला तर त्याच मजल्याच्या सुरुवातीपासून पुन्हा खेळता येई, पण गेलेला वेळ परत मिळत नसे. स्पेसबार दाबला की उरलेली मिनिटं दिसायची. आत्या दर थोड्या वेळाने विचारायची, "किती उरली रे?"

तिला सगळ्यांत आवडे ते त्याचं पळणं. दुसऱ्या खेळांतली माणसं ठोकळ्यासारखी सरकत. हा मात्र थांबताना दोन पावलं घसरायचा, उडीआधी अंग आवरून घ्यायचा, कठड्यावर चढताना खांद्यातून जोर लावायचा. "हा खरा माणूस आहे," ती म्हणायची. तिचं बरोबर होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. हा खेळ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं आणि ते व्हिडिओवर टिपलं. मग एकेक चौकट घेऊन त्यावरून राजपुत्र रेखाटला. ॲपल टूसाठी हा खेळ १९८९ मध्ये आला, तोवर डेव्हिड मोठा झाला होता. पण त्याचं ते कोवळं पळणं खेळात राहिलं. आत्याच्या चालण्याचं असं काही माझ्याकडे नाही. फोटो आहेत, पण फोटोत ती उभीच असते.

चौथ्या मजल्यावर आरसा येतो. पळत जाऊन त्यातून उडी मारायची. पलीकडे पोचताना जीव एवढासा उरतो, आणि आरशातून एक सावली निघून दुसऱ्या दिशेला पळून जाते. पुढे ती आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते. त्याच्याही पुढे, उडी मारून आपण पोचणार तोच तोंडावर दार पाडते. मेकनरला ती सुचली अडचणीतून. राजपुत्राच्या चित्रांनीच मेमरी भरली होती, दुसऱ्या पात्राला जागा नव्हती. तेव्हा त्याने तीच चित्रं जराशी सरकवून स्वतःशीच ताडून पाहिली आणि त्यातून हा झिरझिरीत जुळा निघाला. शिपाई वगैरे नंतर आले. दारिद्र्यातून एवढी मोठी कल्पना निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

बाराव्या मजल्यावर ती सावली तलवार उपसून समोर उभी राहते. आम्ही आठवडाभर तिथे मरत होतो. तिला वार केला की आपलाच जीव कमी होई. एका दुपारी लाइट गेली. अंधाऱ्या पडद्यासमोर बसल्या बसल्या आत्या म्हणाली, "अरे, हा आपलाच आहे. ह्याला मारतोय म्हणजे आपण आपल्यालाच मारतोय. तलवार खाली घे." लाइट आल्यावर पुन्हा तिथवर यायला बराच वेळ गेला. तिथे पोचल्यावर मी खालच्या बाणाची कळ दाबली. तलवार म्यानात गेली, समोरच्यानेही म्यान केली. दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. पुढे नुसती पोकळी होती. धावत सुटलो तर पायाखाली फरश्या उमटत गेल्या. आत्याने माझं मनगट गच्च धरलं होतं.

दुसरा भाग, 'द शॅडो अँड द फ्लेम', १९९३ चाच, पण आमच्यापर्यंत पोचला ९५ च्या दिवाळीत. तोवर आत्याचं दुखणं सुरू झालं होतं. पाठीला उशी लावून ती बसायची. सुरुवातच थरारक: जाफरने राजपुत्राचं रूप घेतलंय, दरबारात कुणी त्याला ओळखत नाही, आणि तो महालाच्या खिडकीतून बाहेर उडी घेतो. छपरांवरून पळत सुटलेलं जहाज गाठायचं, मग वादळ, अनोळखी बेट, गुहेतले सांगाडे, उडता गालिचा. ७५ मिनिटं. रंग असे की आत्या पडद्याच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "सुंदर आहे. पण गर्दी झाली रे."

गालिच्याच्या पुढे आम्ही दोघं गेलो नाही. त्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात ठेवलं. भेटायला गेलो की ती हळूच विचारायची, "किती उरली?" मी म्हणायचो, चाळीस. तिच्याशिवाय मी खेळाला हात लावला नव्हता, तरी दर वेळी आकडा थोडा बदलून सांगायचो. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी ती गेली.

मशिनं काकांनी विकली. तिचा फ्लॉपींचा डबा मी मागून घेतला. तीन पावसाळ्यांत त्यांना बुरशी लागली. २०१२ साली बातमी वाचली की मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या, त्यांत पहिल्या खेळाचा हरवलेला मूळ कोड होता, आणि जाणकारांनी तो शाबूत बाहेर काढला. पहिल्या खेळाचं संगीतही त्याच वडिलांचं. त्या रात्री मी माळ्यावरून डबा काढला. लेबलांवर आत्याचं अक्षर होतं: 'प्रिन्स २. खेळू नये, दोघांनी मिळून.' स्वल्पविराम मुळात कुठे होता, ते आता सांगता येत नाही. शाई पसरली आहे.

मागच्या वर्षी लॅपटॉपवर जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम घातला आणि दुसरा भाग पुरा करायला बसलो. आत्याचं म्हणणं खरं होतं. पहिल्या खेळात शिपाई एकटा समोर येतो, त्याचा पवित्रा ओळखता येतो. इथे एक पाडला की मागून दुसरा. मेकनरने ह्याची रचना केली, पण प्रोग्राम लिहिला तो इतरांनी. खेळात कौशल्य पुष्कळ आहे, पण एकाच माणसाने वर्षानुवर्षं घासलेल्या वस्तूची ती ऊब नाही. आणि सावलीचं तर मला सहनच झालं नाही. पहिल्या भागात तिला पोटात घेऊन पुढे जायचं होतं. इथे राजपुत्राचं शरीर जमिनीवर पडून राहतं आणि सावली उठून ज्योत आणायला जाते. मी त्या पडलेल्या शरीराकडे बघत राहिलो. पुढे जायला हात उचलेना. पहिला खेळ सरस, असं मी आज कुणालाही ठामपणे सांगेन. तरी ती दुपार, ती करंगळी आणि तो पंखा वजा करून पहिला खेळ मी कधीच पाहिलेला नाही.

शेवटच्या झुंजीआधी मी थांबलो. घरात सगळे झोपले होते. स्पेसबार दाबला.

"अकरा," मी म्हणालो.