अंगावर काढलेले दुखणे

गेल्या वर्षी पर्युषणात मी अठ्ठाईचा संकल्प केला होता. तिसऱ्या उपवासाला पोटात खाली, डाव्या बाजूस दुखू लागले. पित्त असेल असे समजून दुर्लक्ष केले. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. सौ. म्हणाली, "अहो, हट्ट पुरे, दवाखान्यात चला." मी ऐकले नाही. रात्री कूस बदलणेही अशक्य झाले, तेव्हा मुलाने रुग्णालयात नेले.

सी.टी. स्कॅनमध्ये निदान झाले : डायव्हर्टिक्युलायटिस. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून रक्तवाहिन्या जेथे आत शिरतात, त्या दुबळ्या जागी वयपरत्वे पिशवीसारखे लहान फुगवटे येतात. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. पण त्यांना सूज आली की वेदना व ताप येतो, आणि आतडे फुटले तर जिवावर बेतते. सौम्य आजार कधी विश्रांती व पातळ आहारानेही बरा होतो. माझ्या आतड्यालगत मात्र पू साचला होता. शिरेतून प्रतिजैविके दिली, शस्त्रक्रिया टळली. "उपवासाने हा आजार झाला नाही, उशिराने वाढला," असे डॉक्टर म्हणाले.

व्रत मोडल्याची खंत महाराज साहेबांजवळ बोललो. ते म्हणाले, "पच्चक्खाणात आगार असतातच. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेता येते. मग थांबलात कशासाठी?" मला उत्तर देता आले नाही. पारण्याच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, हे खरे कारण होते.

सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी दुर्बिणीने आतडे तपासून घेतले. आत दुसरा आजार लपलेला नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. ब्रिटनमधील २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात शाकाहारी लोकांना आतड्याच्या या विकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. कमी, पण शून्य नव्हे; आणि मैदा व फरसाण हेही शाकाहारीच. आता कोंड्यासह पोळी, अख्खे मूग, दुधी, पपई यांचे प्रमाण हळूहळू वाढवले आहे. चौविहार असल्याने उकळलेले पाणी दिवसाच पुरेसे पितो, रोज चालतो आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेत नाही.

यंदाही तप करण्याची भावना आहे. मात्र आधी डॉक्टरांना विचारीन, आणि पत्रिका छापणार नाही.