भाचीचें वाचन

माझी भाची साताऱ्याहून येऊन येथें शीवेस लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहे. राहते आमच्याच घरीं. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं ती म्हणाली, "मामा, हें मला झेपणार नाहीं. मी परत जातें." खोदून विचारलें तेव्हां कळलें, कीं वर्गांतील हुशार मुलें लंडनचें 'लॅन्सेट' वाचतात म्हणून हिनेंही तें हातीं घेतलें होतें, आणि चार पानें वाचून चार ओळी उमगल्या नव्हत्या.

मी मॅट्रिक झालेला संस्कृतचा मास्तर. वैद्यकांतलें मला काय कळणार? पण ज्यानें रूपावली घोकली नाहीं त्याच्या हातीं महाभाष्य दिलें, तर दोष मुलाचा नव्हे, एवढें कळतें. 'लॅन्सेट' १८२३ पासून चालू आहे. त्याची थोरवी कोण नाकारील? परंतु तें लिहिलें जातें जाणत्या डॉक्टरांसाठीं. मीं तिला तिच्या अध्यापकांकडे धाडलें.

त्यांनीं जवळचें दाखविलें. शीवेपासून तिसरें स्टेशन परळ. तेथील शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय यांचें अध्यापकमंडळ १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हें त्रैमासिक चालवितें, आणि तें आतां संगणकावर कोणासही फुकट वाचतां येतें. नांव पदव्युत्तरांचें खरें. पण त्यांतील एकेका रोग्याची हकिगत विद्यार्थ्यासही समजते. क्षयाचा रोगी सकाळीं वॉर्डांत पाहावा आणि रात्रीं त्याच रोगावरील लेख वाचावा, आठवड्यास एकच, असा नेम ठरला. दिल्लीचें १९८८ त निघालेलें 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' पुढें जोडीस आलें.

येथें माझी एक फजिती सांगितली पाहिजे. भाचीस एका परक्या नियतकालिकाचें पत्र आलें: आपण विदुषी आहां, लेख पाठवा, सात दिवसांत छापूं. शुल्क कांहीं हजार. आमच्या कुळांतलें नांव छापून येणार म्हणून मी पेन्शनीतून पैसे काढावयास निघालों होतों! तीच म्हणाली, "मामा, सात दिवसांत लेख तपासणार कोण?" चाळीस वर्षें वह्या तपासणाऱ्यास हा प्रश्न सुचूं नये, याची मला अजून लाज वाटते. 'फुकट वाचावयास मिळतें' एवढ्यानें नियतकालिक चांगलें ठरत नाहीं. तपासनीस कोण, आणि शिकविणारे डॉक्टर त्यास ओळखतात काय, हेंही पाहावें लागतें.

परवां तिला एक जुना लेख सांपडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम ५० रोग्यांवर पाहून १९४९ त 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें लिहिला, तो. अवघीं सहा पानें, तींही फुकट. ती वाचीत होती, मी ऐकत होतों. इंग्रजी पुष्कळसें डोक्यावरून गेलें. मध्येंच थांबून ती म्हणाली, "पन्नासच रोगी? एवढ्यावर म्हणतां येईल का, मामा?"

मीं म्हटलें, "तें तूं सांग. मला सर्पगंधेचा विग्रह तेवढा विचार."

तिनें तोही विचारला, आणि पुन्हां पहिल्या पानापासून वाचावयास लागली. साताऱ्याचें नांव त्या रात्रीनंतर निघालेलें नाहीं.